तेर्तूची अर्धी सतरंजी

९ जानेवारी

ही वही हेन्नाने दिली. नाताळला तिच्याकडे ताम्पेरेला गेलो होतो तेव्हा. "बाबा, बोलत नाहीस तर निदान लिही." मुलगी शाळेत शिकवते, त्यामुळे जगातल्या प्रत्येकाने वहीत काहीतरी लिहावं असं तिला वाटतं.

तर लिहितो. तापमान उणे अठरा. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. दुपारी सॉसेजचं सूप गरम केलं, शनिवारचंच. माझी बायको तेर्तू वारली त्याला आज अकरा आठवडे झाले. इर्याचा फोन तीनदा वाजला. उचलला नाही.

१० जानेवारी

इर्याचे फोन आज पाच.

वहीत लिहायचंच आहे तर हेही लिहून ठेवतो. इर्या म्हणजे तेर्तूची मैत्रीण. दोघी शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं एकाच भट्टीसमोर उभ्या होत्या आणि त्याच्याही आधीपासून एकमेकींना ओळखत होत्या. इर्याचा नवरा चौऱ्याहत्तर साली कामासाठी स्वीडनला गेला तो गेलाच. मूलबाळ नाही. त्यामुळे रविवारी ती आमच्याकडे, बाष्पस्नानाला आमच्याकडे, उन्हाळ्यात तळ्याकाठच्या झोपडीवर आमच्याकडे. माझं आणि तिचं कधी जमलं नाही. ती फार बोलते, आणि बोलता बोलता स्वतःच्याच बोलण्यावर हसते, मग पुढचं ऐकू येत नाही. तेर्तूला मात्र ऐकू यायचं.

मी गाडी शिकवायचो. या गावातल्या अर्ध्या लोकांना मी रस्त्यावर आणलं. इर्या तीनदा परीक्षेत नापास झाली. चौथ्यांदा पास झाली तेव्हा परीक्षक नवा होता.

१२ जानेवारी

फोन उचलत नाही म्हटल्यावर ती दारातच आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात माशाची भाजलेली रोटी, टॉवेलात गुंडाळलेली.

"हाताला काय झालं?" मी विचारलं. विचारावंच लागलं.

"बर्फावर पडले. आत घे, रोटी गार होतेय."

एकाहत्तर वर्षांची बाई खिळ्यांचे बूट न घालता बाहेर कशी पडते, मला समजत नाही. तसं मी तिला म्हटलंही. तिने ते ऐकलं नाही आणि थेट मुद्द्यावर आली. महिला मंडळाच्या मागाच्या खोलीत तेर्तूची सतरंजी अर्धी विणून राहिली आहे. जुन्या कपड्यांच्या चिंध्यांची. तो माग पुढच्या बायकांना हवाय, यादी लागलेली आहे. खोली सांभाळणाऱ्या सिनिक्काने मे महिन्याच्या एक तारखेपर्यंत मुदत दिलीय.

"मग कापून घ्या," मी म्हटलं. "जेवढी झाली तेवढी झाली."

"तू ये आणि काप. माझ्याच्याने होणार नाही."

"हात मोडलाय म्हणून?"

"हो. हात मोडलाय म्हणून."

रोटी चांगली होती. मीठ कमी.

१६ जानेवारी

कात्री घेऊन गेलो. अशा गोष्टी लांबवण्यात अर्थ नसतो.

शाळेच्या तळघरात सात माग आहेत. तेर्तूचा खिडकीखालचा. मला वाटलं होतं सतरंजी समोर पसरलेली दिसेल, पण विणलेलं सगळं खाली रुळावर गुंडाळलेलं असतं, डोळ्यासमोर हातभरच राहतं. निळे पट्टे, मध्ये राखाडी, मध्ये एक बारीक पांढरा. धोटा तसाच उभ्या दोऱ्यांवर आडवा पडलेला, त्यात निळी चिंधी अर्धी गुंडाळलेली. ती चिंधी मी ओळखली. माझा कामावरचा शर्ट. खिशाची शिवण होती तिथला रंग अजून गडद आहे.

सिनिक्का म्हणाली, "एक मीटर साठ झालीय. इथून काप, दोऱ्यांना गाठी मी मारून देते."

मी कात्री बोथट आहे असं सांगून परत आलो. कात्री बोथट नाही. डिसेंबरमध्येच धार लावून घेतली होती.

१७ जानेवारी

इर्याला सिनिक्काने सांगितलंच. फोनवर म्हणते, "कापवत नाही ना? मग पुरी कर."

"मी?"

"मग कोण? माझा हात बघितलास तू."

"मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, इर्या. मी विणकर नाही."

"मी पण ड्रायव्हर नव्हते. तू सोडलंस का मला?"

तिला सोडायला हवं होतं असं म्हणणार होतो, तोवर तिने फोन ठेवला. सोमवारी दहाला ये, म्हणे. मी जाणार नाही.

२३ जानेवारी

गेलो. घरात बॉयलरच्या आवाजाशिवाय काही नव्हतं, म्हणून गेलो.

पाय पट्ट्यांवर दाबायचे, उभे दोरे उघडतात, त्यातून धोटा सरकवायचा, फणी अंगाशी ओढून ठोकायची, पाय बदलायचे. ऐकायला क्लच आणि गिअरपेक्षा सोपं. इर्या शेजारी स्टुलावर बसून होती, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन, आणि तिने आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते तिला आज मिळालं.

"घाई करू नकोस, औलिस. रस्ता कुठे जात नाही." हे माझं वाक्य. "पायाकडे बघू नकोस, समोर बघ." हेही माझं. "आता हे का थांबलं, तूच सांग मला." हेसुद्धा. पस्तीस वर्षं लक्षात ठेवलंय या बाईने.

तीन तासांत सहा सेंटिमीटर. त्यातले चार तिने उसवायला लावले, कारण कडा आत ओढली जात होती. बाकीच्या मागांवरच्या बायका फार शांतपणे विणत होत्या. इतक्या शांतपणे कोणी विणत नाही.

पाठ दुखतेय.

३१ जानेवारी

आज भांडण झालं. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी वेगळं सांगायला नको.

मागाच्या खांबाला तेर्तूने चौकटीच्या कागदावर आखणी करून टाचून ठेवलीय. कुठला रंग किती, कुठल्या कपड्याचा. तिने गुंडाळून ठेवलेले चिंध्यांचे गोळे आज संपले. पुढे लिहिलंय, 'हिरवा, माझा झगा.' हिरवा झगा म्हणजे कोणता ते मला माहीत आहे. कपाटात डावीकडून तिसरा. कपाट मी ऑक्टोबरपासून उघडलेलं नाही आणि उघडणारही नाही. मी बैठकीतले जुने हिरवे पडदे नेले.

"हे चालणार नाही," इर्या म्हणाली. "पडदा नायलॉनचा आहे. आणि तिने झगा लिहिलाय."

"तिने लिहिलं तेव्हा ती मरणार आहे हे तिला माहीत नव्हतं."

"म्हणून तर म्हणते. मरणाऱ्या बाईची शेवटची इच्छा नाहीये ती, औलिस. सतरंजी विणणाऱ्या बाईने रंग लिहून ठेवलाय. तेवढंच आहे ते."

मी तिला म्हटलं की तुला बोलायला काय जातं, तुझं कोणी गेलेलं नाही.

ती उठली. हसलीही नाही. कोट एका हाताने घालायला तिला वेळ लागला. मदत करावी का असा विचार करेपर्यंत ती गेली होती.

बरं झालं. आता तरी शांतता मिळेल.

५ फेब्रुवारी

शांतता आहे.

११ फेब्रुवारी

कपाट उघडलं. त्यात विशेष काही नव्हतं. कपडे होते.

झगा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या कापल्या, पट्टी लावून, नीट. बटणं आठ, काढून डबीत ठेवली. सुरुवात कॉलरपासून करायची की खालून, याचा विचार करण्यात तासभर गेला. खालून केली. बाहीपाशी आलो तेव्हा थांबून बाहेर जाऊन अंगणातला बर्फ काढला. काढण्यासारखा नव्हता. मग आत येऊन बाह्या कापल्या.

गोळा साधारण नारिंगाएवढा झाला. मोठ्या नारिंगाएवढा.

१५ फेब्रुवारी

इर्या आधीच स्टुलावर बसलेली. हिरवा गोळा पाहून म्हणाली, "पट्टी फारच सरळ कापलीयस." एवढंच. भांडणाचं तिने काढलं नाही, मीही नाही. प्लास्टर निघालंय. मी म्हटलं, आता तूच विण. तर म्हणे डॉक्टरांनी तीन महिने जोर द्यायला मना केलंय. कुठला डॉक्टर तीन महिने सांगतो?

ती कॉफी आणायला वर गेली तेव्हा सिनिक्का माझ्याकडे येऊन उभी राहिली. सिनिक्का कमी बोलते, ते मला आवडतं. आज बोलली.

"इर्या परत आली ते बरं झालं. ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर रोज यायची आणि या बाकावर नुसती बसायची. मागाला कोणाला हात लावू देत नव्हती. आम्ही सगळ्यांनी सह्या करून तिला कार्ड दिलं, फुलं दिली."

"इर्याला?"

"हो."

मला ते विचित्रच वाटलं. कार्ड खरं तर माझ्याकडे यायला हवं होतं. माझा पत्ता त्यांच्याकडे होता. पण जाऊ दे, बायकांच्या मंडळात पत्ते हरवतात.

नऊ सेंटिमीटर. काहीही उसवलं नाही.

२७ फेब्रुवारी

एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता म्हणून आखणीचा कागद नीट मोजला. सतरंजी पुरी होईल तेव्हा तीन मीटर चाळीस लांब, ऐंशी सेंटिमीटर रुंद. घरी येऊन मोजमाप घेतलं. प्रवेशाची जागा दोन मीटर साठ. स्वयंपाकघरात टेबल आहे. बैठकीत मोठी सतरंजी आधीच आहे. झोपायच्या खोलीत बसेल, पण मग पलंग बाहेर काढावा लागेल. तळ्याकाठच्या झोपडीची लांबीच तीन मीटर.

हेन्नाला फोन केला. "तुला आईने सतरंजीचं काही म्हटलं होतं का?"

"नाही रे बाबा. माझ्याकडे कुठे जागा आहे?" मग म्हणाली, "तू विणतोयस हे खरं आहे? इर्यामावशीने फोटो पाठवला, मला वाटलं गंमत करतेय."

फोटोचं मला माहीत नव्हतं.

इर्याला विचारलं तर खांदे उडवून म्हणाली, "हेन्नासाठी असेल." तेर्तूचा हिशेब चुकला असेल असं मनात आलं. पण तिने एकतीस वर्षं चारशे मुलांचं वाटाण्याचं सूप मोजून रांधलं. एका गुरुवारीही कमी पडलं नाही. ती चुकली नसणार.

१३ मार्च

दफनभूमीत गेलो. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच. थडग्यावर बर्फ वितभर, आणि बर्फाखाली जळून संपलेल्या मेणबत्तीची काचेची वाटी. नाताळच्या संध्याकाळी लावलेली असणार. मी तेव्हा ताम्पेरेला होतो. चर्चकडून लावत असतील असं धरून चाललो होतो.

तिथला देखभालीचा माणूस फावडं घेऊन वाट मोकळी करत होता. मला बघून म्हणाला, "त्या बाई बऱ्या आहेत का आता? नाताळच्या संध्याकाळी इथे वळणावर पडल्या होत्या. हात मोडला होता हे स्पष्ट दिसत होतं, पण आधी मेणबत्ती लावून येते म्हणाल्या. मग मीच दवाखान्यात नेलं."

दुपारी मागाच्या खोलीत विचारलं, "बर्फावर पडले म्हणाली होतीस."

"बर्फावरच पडले."

"कुठल्या बर्फावर ते सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. कडा बघ, परत आत जातेय."

या बाईशी सरळ बोलणंच अशक्य आहे. एखाद्याने नवीन बूट घ्यावेत. मी तिच्या बुटांना लावायच्या खिळ्यांच्या पट्ट्या आणल्या आणि स्टुलाखाली ठेवल्या. हिवाळा संपत आल्यावर काय उपयोग, असं ती म्हणाली. घरी जाताना घालून गेली.

२० मार्च

तळ्यावरून येत होतो. अजून बर्फ जाड आहे. समोरून एक बाई पायाने रेटायच्या घसरगाडीवर सुसाट चाललेली, दोन्ही हातांनी दांडा धरून, पुढे बटाट्याचं पोतं. इर्या. डॉक्टरांनी तीन महिने जोर द्यायला मना केलेली इर्या.

मला पाहून तिने उजवा हात चटकन खिशात घातला. मग घसरगाडी वाकडी गेली आणि पुन्हा बाहेर काढावा लागला.

 दुपारी मागाशी बसलो, तिने आहे त्याच स्टुलावर बसून आहे तेच ऐकवलं. तिला विणायला येतं, हात धड आहे, आणि माझ्याच्याने आठवड्याला वीस सेंटिमीटर होत नाही. मग ती मला तिथे बसवून का ठेवते? आळस, दुसरं काय.

माझं सूप संपलं होतं. तिने डब्यातून तिचं दिलं. बटाट्याचं.

२ एप्रिल

इर्या गुरुवारी आली नाही, शुक्रवारी आली नाही. फोन लागत नव्हता. माग सोडून चालत नाही असं मला रोज ऐकवणारी बाई. शेवटी सूप केलं, पातेलं टॉवेलात बांधलं आणि तिच्या नव्या घरी गेलो. सप्टेंबरमध्ये तिने लाकडी घर विकून हा फ्लॅट घेतला. मी कधी गेलो नव्हतो. सामान हलवायला तेर्तू गेली होती, माझी त्या दिवशी मासेमारी होती.

सर्दी, ताप, आवाज गेलेला. दार उघडून कुजबुजली, "फोन चार्ज करायचा राहिला. सॉसेज आहे का त्यात?"

"आहे."

ती पुढे चालत स्वयंपाकघरात गेली आणि मी दारातच उभा राहिलो. दारापासून तिच्या स्वयंपाकघरापर्यंत एक लांब बोळ आहे. दोन्ही बाजूंना पांढरी भिंत, खाली राखाडी प्लॅस्टिकची फरशी, उघडी. गार. मोज्यांतून थंडी तळव्याला लागत होती. मी पावलांनी मोजलं. माझं पाऊल मला माहीत आहे. जवळपास चार मीटर. तीन मीटर चाळीसची सतरंजी टाकली तर दोन्ही टोकांना तीस-तीस सेंटिमीटर राहतात. रुंदीलाही दोन्हीकडे तेवढीच मोकळीक.

"काय करतोयस तिथे?"

"बूट काढतोय."

तिला माहीत नाही. माहीत असतं तर ती इतके महिने त्या स्टुलावर बसून हेन्नाचं नाव घेऊ शकली नसती. तिला गोष्टी पोटात ठेवता येत नाहीत. अर्थात नाताळची ठेवलीच होती, डॉक्टरचीही. म्हणजे ठेवता येतात. आता मलाच काही सांगता येत नाही.

 तिने दोन वाट्या सूप प्यायलं आणि मीठ जास्त आहे म्हणाली.

१८ एप्रिल

रोज जातो. सिनिक्का म्हणते, मी आता दिवसाला आठ सेंटिमीटर विणतो. इर्याला घाई नको आहे. जरा कुठे वेग आला की ती कॉफी आणते, दोरा तपासते, मागच्या वर्षी तेर्तू कुठल्या तरी बाईला काय म्हणाली होती ते सांगत बसते. ही गोष्ट मी ऐकली नव्हती. तेर्तूने मला सांगितलेलीच नव्हती. अशा बऱ्याच आहेत. त्या ऐकताना माझा वेग कमी होतो आणि मुदत जवळ येतेय. तिला हे समजायला हवं.

आज तिने एक सांगितलं आणि मध्येच हसली, आणि पुढचं मला ऐकू आलं.

२८ एप्रिल

संपली. मुदतीच्या तीन दिवस आधी.

कापायची वेळ आली तेव्हा सिनिक्काने मोठी कात्री माझ्या हातात दिली. बाकीच्या बायका मागांवरून उठून आल्या. इर्या खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, फक्त सायकली ठेवायची छपरी. मी दोरे कापले. रूळ उलगडला आणि सतरंजी जमिनीवर उतरली. तेर्तूचा भाग तेव्हा पहिल्यांदाच सगळा दिसला.

फरक आंधळ्यालाही कळेल. तिची कडा पट्टीने आखल्यासारखी. मग एका ठिकाणी ती तळ्याच्या पाण्यासारखी हलायला लागते, तिथून माझी. माझा भाग दोन सेंटिमीटर जास्त रुंदही आहे. हिरवा पट्टा बरा आला.

घरी आणून बैठकीत ठेवली, गुंडाळून.

१ मे

आज वसंताचा सण, सगळे गोड मद्य आणि साखरेचे वडे घेऊन बागेत बसतात. मी इर्याला गोष्ट सांगायला हाच दिवस निवडला, ही चूक झाली असेल.

"सतरंजी तुझी आहे," मी म्हटलं. "तुझ्या बोळाची. तेर्तूने मोजूनच उभे दोरे लावले होते."

तिने वडा खाली ठेवला. 

"नाही," ती म्हणाली. "तुझी बायको, तुझी सतरंजी."

"माझ्या घरात बसत नाही. सगळ्या खोल्या मोजल्यात."

"मग कापून घे."

"कापून घे? चार महिने मला काय करायला लावलंस तू?"

शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली. ती उठून गेली, वडा टाकून. मी घरी आलो, सतरंजी गाडीत घातली, तिच्या दाराबाहेर उभी केली, घंटी वाजवली आणि जिन्याने खाली उतरलो. चोरासारखा. या वयात.

२२ मे

तीन आठवडे झाले. आज तिचा नळ गळतो म्हणून बोलावलं तेव्हा पाहिलं. सतरंजी कोटांच्या कपाटामागे उभी आहे, गुंडाळलेली, वर जुनी चादर. फरशी उघडीच.

"पसरली का नाहीस?"

"पसरेन."

"कधी?"

"औलिस, नळ."

नळ दुरुस्त केला आणि कॉफी न घेता आलो. माझी पाठ मोडली त्या सतरंजीपायी, झगा कापला, आणि ती कपाटामागे उभी आहे.

३० मे

दगडावर नाव कोरणाऱ्याला तारखा लिहून द्यायच्या होत्या, म्हणून तेर्तूच्या अंत्यविधीचे कागद काढले. त्यात पुष्पचक्रांची यादी मिळाली. शवपेटीपाशी कोणी कुठल्या क्रमाने यायचं आणि फुलं ठेवून रिबिनीवरचं वाचायचं, ते मीच लिहिलं होतं. माझं अक्षर, आकडे घालून.

एक, मी आणि हेन्ना. दोन, तेर्तूची बहीण. मग भाचे. मग माझी बाजू. सहावा माझा कायानी गावचा चुलतभाऊ, जो तेर्तूला आयुष्यात दोनदा भेटला. सात, शेजारी. आठ, वाहनशिक्षकांची संघटना.

नऊ, इर्या.

चर्चमध्ये ती कुठे बसली होती ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. नंतरच्या कॉफीच्या वेळी माझ्या टेबलावर नव्हती हे नक्की, कारण मला तेव्हा बरं वाटलं होतं की निदान आज बडबड नाही. मग कुठे होती? मग आठवलं. कॉफी देणाऱ्या दोघींपैकी एकजण त्या दिवशी आजारी पडली होती. ऐंशी माणसांची कॉफी इर्याने केली. एप्रन घालून आत होती. मी कप परत भरून मागितला तेव्हा आतून ज्या हाताने कप दिला तो तिचा होता.

आणि जानेवारीत मी तिला म्हटलं, तुझं कोणी गेलेलं नाही.



४ जून

सकाळी दहाला गेलो. घंटी वाजवली, आत गेलो, बूट काढले, कपाटामागून सतरंजी ओढली आणि बोळात टाकली. उलगडत गेली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबली. दोन्हीकडे तीस सेंटिमीटर. बरोबर.

इर्या झोपेच्या झग्यात, हातात कपबशी घेऊन उभी होती. "हे काय चालवलंयस?"

"पसरलीय."

"मी सांगितलं होतं का?"

"नाही."

ती तशीच भिंतीला धरून उभी राहिली. पाय फरशीवरच. दाराकडे माझा भाग होता, तिच्या पायांपाशी तेर्तूचा. मी म्हटलं, "चल की."

"त्यावर पाय कसा ठेवू मी?" ती हळू म्हणाली. "हे तिने हातांनी केलंय."

"सतरंजी आहे ती, इर्या. गार लागू नये म्हणून केलीय. मी इथे आलो होतो तेव्हा माझेच तळवे गारठले."

तरी हलेना. मग मी जे बोलायला आलो होतो ते बोललो. इतर कशासाठी येताना मी शर्टला इस्त्री केली नसती.

"त्या दिवशीची यादी मी केली होती. तू नवव्या जागी होतीस."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुझा तो कायानीचा भाऊ माझ्या पुढे होता. त्याने तिचं नावसुद्धा चुकीचं वाचलं."

"तू दुसऱ्या जागी असायला हवी होतीस."

तिने कपबशी मागे स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. "तिसऱ्या. हेन्ना आहे."

"हेन्ना आणि मी एकत्र होतो. म्हणजे दुसऱ्याच."

"तिची बहीण."

"बहीण तिसरी. मी विचार केलाय. आणि जानेवारीत मी जे म्हटलं, तुझं कोणी गेलेलं नाही म्हणून, ते बोलायला नको होतं. ते खोटंही होतं."

तिचा चेहरा वाकडा झाला. मी भिंतीच्या कडेने तिच्यापाशी गेलो आणि खिशात रुमाल शोधला. तोही इस्त्री केलेला होता, म्हणून द्यायला हरकत नव्हती. तिने नाक पुसलं, मोठ्याने, मग रुमाल स्वतःच्याच खिशात घातला.

"एवढं सगळं तू पाठ करून आलास?"

"वहीत लिहून काढलं होतं."

"म्हणजे तू खरंच वही लिहितोस? माझ्याबद्दल काय लिहिलंयस?"

"फार बोलतेस असं."

यावर ती हसली. मी कोपराला धरून तिला पुढे घेतलं आणि आम्ही दोघांनी मोज्यांनी त्यावर पाय ठेवला, तेर्तूच्या बाजूने. निळा, राखाडी, पांढरा. चालताना ती प्रत्येक पट्टा कुठल्या कपड्याचा ते सांगत होती, हा तिचा जुना कोट, हा हेन्नाच्या पांघरुणाचा, हा माझा शर्ट. जिथे माझा भाग सुरू होतो तिथे थांबली.

"इथे कळतंय."

"कळणारच."

"नाही, पायाला कळतंय. तुझा मऊ आहे. फणी जोरात ठोकली नाहीस तू, मी इतकं सांगून."

मग पुढे हिरवा आला, तिथे दोघेही थोडे थांबलो. सहा पावलांचं अंतर आहे. आम्हाला बराच वेळ लागला. दारापाशी पोचल्यावर तिने खाली बघितलं आणि माझ्या उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलंय असं सांगितलं. ते मला माहीत होतं.